पाचव्या गणिताचं उत्तर

शिकवणीतल्या परीक्षेत कामिनीच्या पेपरात पाचपैकी चार उत्तरांपुढच्या उणे चिन्हांचं अधिक झालं होतं, एकेका उभ्या रेघेनं. तेवढ्यानं पोरीचा पहिला नंबर गेला. नागपूरच्या फुकट बॅचची एकुलती एक जागा आता दुसऱ्या नंबरच्या निकेशला मिळणार होती. तिची आई मालनबाई भंडाऱ्याला रत्नमालाताईंकडे आली, ती रडकुंडीलाच. पोरीच्या कच्च्या कागदावर पाचही उत्तरं उणे होती.

रत्नमालाताई खासगी गुप्तहेर, अंकुश त्यांचा मदतनीस. ताईंना झटकन दिसतं ते आपल्याला का दिसत नाही, या विचारानं तो मनातल्या मनात जळायचा. या खेपेला चोर आपणच धरायचा, असं ठरवूनच तो ताई आणि मायलेकींच्या मागोमाग वरठीच्या शिकवणीत शिरला.

मालक श्यामरावांनी सांगितलं, तपासण्याआधी पेपर एक दिवस कपाटात होते. किल्ल्या दोनच. एक भौतिकशास्त्राच्या प्रवीण सरांकडे, दुसरी वर्गाला कुलूप लावणाऱ्या निकेशकडे.

निकेशनं हेवा वाटतो हे कबूल केलं, पण पेपरला हात लावला नाही म्हणाला. सर म्हणाले, पोरगी हुशार आहे, पण भर वर्गात शिकवणाऱ्याचंच गणित दुरुस्त करते.

ताईंनी दोघांचे पेपर आणि सरांची उत्तरसूची मागवली. पाचवं गणित असं: कारध्याच्या पुलावरून दगड वर फेकला, वरची दिशा अधिक धरून, पाण्यावर आदळतानाचा वेग काढा. कामिनीचं उत्तर उणे वीस, निकेशचंही उणे वीस. दोघांनाही फुली. सरांच्या उत्तरसूचीत अधिक वीस.

"निकेशच," अंकुश घाईनं म्हणाला. "दुसऱ्या नंबरवर तोच तर होता."

"मग त्यानं पाचवं काहून सोडलं?" ताई म्हणाल्या. "त्याच्या हिशेबानं ते बरोबर होतं, त्यानं तेही बिघडवलं असतं. ज्याले ते आधीच चूक वाटलं, त्यानंच सोडलं. असा माणूस इथं एकच आहे."

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं.

"पोरं शंका तिलेच विचारून राहिली होती," सर म्हणाले. "मी समोर उभा असतानी."

अंकुशला ते फार ओळखीचं वाटलं आणि त्याची मान खाली गेली. श्यामरावांनी तिथंच नागपूरला फोन लावून कामिनीचं नाव कळवलं. मालनबाईनं पोरीला जवळ ओढलं.

सरांचं लक्षच नव्हतं. ते उत्तरसूचीकडे बघत होते.

"पाचवं खरंच उणे येते का?" त्यांनी हळूच विचारलं.

"वेगाचा वर्ग काढला ना सर, तिथं वर्गमूळ दोन निघते, एक अधिक, एक उणे," कामिनी म्हणाली. "दगड खाली येऊन राहिला, म्हणून उणे."

सरांनी कागद पुढं ओढला आणि गणित पहिल्यापासून मांडायला घेतलं.