मंगळवार होता तो

"ही गोळी उपाशीपोटी घेऊ नका. पोटात जळजळ होऊ शकते, मळमळ, चक्कर, अंगावर पुरळ… आणि क्वचित कानात आवाजही येतात."

काउंटरपलीकडचा तरुण आधी गोळ्यांकडे आणि मग तिच्याकडे बघत राहिला.

"मॅडम, एवढं सगळं होऊन माणूस उरलाच… तर डोकं दुखायचं थांबते ना?"

राखीनं हसू दाबायचा प्रयत्न केला. दाबलं गेलं नाही.

दिग्रसच्या बसस्टँडसमोरच्या त्या मेडिकलमध्ये राखी राठोड चार वर्षांपासून कामाला होती. औषधाच्या प्रत्येक खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. गिऱ्हाईक एक गोळी मागायचं, ही त्याला दहा दुखणी ऐकवायची. दुकानाचे मालक गुलाम नबी चाचा कपाळाला हात लावून म्हणायचे, "बेटी, दवा बेच. लोगों को डरा मत."

"घाबरलो नाही मी," तो तरुण म्हणाला. "आवाज कानात राह्यला तरी चालन. बरा हाय तुमचा आवाज."

आणि तो गेला. रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जिनिंग मिलकडे चालल्या होत्या. उडालेला एक पांढरा पुंजका त्याच्या खांद्यावर बसला. त्याला कळलंच नाही. राखीला मात्र तो पुंजका कोपऱ्यापर्यंत दिसत राहिला.

गुरांच्या दवाखान्यात नवीनच आलोय आणि नाव शाम चव्हाण, एवढंच त्यानं सांगितलं होतं. बाकीचं संध्याकाळपर्यंत तिनंच शोधलं. गाव पुसदकडचं. याआधी नोकरी मारेगावला. आईचं नाव, मोटारसायकलचा नंबर, कॉलेजातल्या कबड्डीच्या संघाचा फोटो. त्यात त्याला मिशी होती, आणि ती त्याला अजिबात शोभत नव्हती.

हे असं ती सगळ्यांचंच करायची. त्याला कारण होतं.

आठ वर्षांपूर्वी तिच्या मोठ्या बहिणीचं, संगीताचं लग्न झालं. 'पोरगा पुण्याला कंपनीत आहे' या एका वाक्यावर झालं. अकरा महिन्यांनी संगीता एक पिशवी घेऊन तांड्यावर परत आली. नवऱ्याला आधीची बायको होती, दोन लेकरं होती. तेव्हा बाप, काका, तांड्याचा नाईक, मध्यस्थ, सगळे एकच बोलले होते — "आमाले काय माहीत?" हे वाक्य आपल्या तोंडी कधी येऊ द्यायचं नाही, असं राखीनं त्या दिवशी ठरवलं. मग ती माहिती गोळा करत सुटली. कुकर घ्यायचा तरी तीन आठवडे वाचायची. कोणाशी मैत्री करायची तरी आधी त्याच्या चार नातेवाइकांचा पत्ता काढायची. फोनमधली जागा दर महिन्याला संपायची. माहिती आली की धीर येईल, असं तिला वाटायचं. धीर काही यायचा नाही. नुसती आणखी माहिती यायची.

शाम पुन्हा आला. दाढेसाठी आला, खोकल्यासाठी आला, मग पायात काटा मोडला म्हणून आला.

"काटा मेडिकलमधी निघत नाही," राखी म्हणाली.

"मले माहीत हाय. पण तुमी त्याचे परिणाम सांगसान ना?"

चाचांनी पेपर तोंडासमोर धरला. पेपर हलत होता.

थंडी वाढेस्तोवर दोघं दुपारच्या सुट्टीत स्टँडमागच्या रसवंतीवर बसायला लागले. तुमीचं तू झालं. शामची एक तऱ्हा होती. तो स्वतःबद्दल सगळं एकदम सांगायचा नाही. "रोज एक सांगन," तो म्हणायचा. "सगळं आजच सांगतलं, तर उद्या तू कायले येशीन?"

आणि मग तो एक सांगायचा. कधी आईबद्दल, कधी कबड्डीबद्दल. एकदा म्हणाला, "हसू नको. मी मिशी ठेवली होती."

"हो का?" राखी डोळे मोठे करून म्हणाली. "खरंच?"

सांगताना त्याचा चेहरा उजळायचा, ओठाच्या डाव्या कोपऱ्यात हसू यायचं, आणि तो तिच्या डोळ्यांत बघायचा… ती गोष्ट तिथं पोचलेली बघायला. राखीला त्याचं ते बघणं जिवापाड आवडायचं. त्याच वेळी ते टोचायचंही. कारण ती गोष्ट तिथं आधीच येऊन बसलेली असायची.

एक दिवस तिनं ठरवलं, बस झालं. त्याच्याबद्दल साठवलेलं सगळं फोनमधून पुसून टाकलं. आता तो सांगेल तेवढंच. नऊ दिवस तिनं पाळलं. त्या नऊ दिवसांत शामनं सांगितलं की त्याला एक लहान भाऊ होता, बबलू. 'होता' म्हणाला, आणि रसाचा ग्लास उगाच फिरवत बसला.

"पुढचं सांगन," तो म्हणाला. "पण त्याले जरा वेळ लागन, राखी. थांबशीन ना?"

"थांबीन."

नाही थांबली. घरी दोघांच्या लग्नाची गोष्ट निघाली होती. संगीता भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरगा चांगला दिसते. पण मायासारखं नको करू. नीट चौकशी कर आधी." एवढं पुरे झालं. दुसऱ्याच दिवशी चाचांची मुलगी अतिया माहेरी आली. तिचं सासर मारेगावचं. राखीनं शामचा विषय काढला.

"त्यानं तुला सांगितलं नाही?" अतियानं विचारलं.

"सांगितलं थोडं," राखी खोटं बोलली.

मग अतियानं सांगितलं. बबलू सुट्टीत भावाकडे मारेगावला आला होता. दोघं नदीवर पोहायला गेले. बबलू पाण्यात, शाम काठावर फोनमध्ये, असं लोक म्हणत. पोरगं बुडालं तरी त्याला कळलं नाही. त्यानंतर शाम दोन महिने बोलत नव्हता. नागपूरला नेऊन उपचार करावे लागले. राखीनं रात्री जुन्या पेपरातली बातमीही शोधून काढली. आठ ओळींची होती. तिनं ती सहा वेळा वाचली. त्यात शामचा दोष कुठंच नव्हता, दारू नव्हती, दुसरी बायको नव्हती. तिला खूप हलकं वाटलं. इतकं, की त्याची कीव येण्याच्या आधी तिला आनंद झाला. ते आठवलं की पुढं कितीतरी दिवस तिचा चेहरा तापायचा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी शाम तिला धरणावर घेऊन गेला. आभाळ भरून आलं होतं. पाण्यावर बारीक थेंब पडत होते, एकेक, मोजता येतील असे. काठापासून वीस पावलांवर शाम थांबला, मग तिचा हात धरून दहा पावलं पुढं गेला.

"चार वर्सं झाले, पान्याच्या एवढ्या जवळ आलो नव्हतो," तो म्हणाला. "आज तुले सांगाचं हाय. मधात बोलू नको. नाहीतर माया तोंडातून निघनार नाही."

तिनं मान हलवली. त्याची बोटं गार पडली होती.

"बबलूले पोहता येत होतं. म्हणून मी निवांत होतो. तो पान्यातून आवाज देत होता. भिया, देख… भिया, देख… मी म्हटलं, हो हो, पाहून राह्यलो. पन मी पाहून नव्हतो राह्यलो. फोन पाहत होतो." त्यानं श्वास घेतला. "हे माया तोंडानं कोनालेच सांगतलं नाही. मायलेबी नाही. सोमवार होता त्या दिवशी. मी सुट्टी—"

"मंगळवार," राखी म्हणाली.

बोलून गेली. खोक्यातल्या कागदावरची ओळ वाचावी तशी, आपसूक.

शाम पाण्याकडेच बघत होता. मग त्यानं हळू मान वळवली.

"काय म्हटलं तू?"

"काही नाही… मी…"

"मंगळवार होता. बरोबर हाय. माया ध्यानात राहत नाही," तो म्हणाला. त्यानं तिचा हात सोडला. झटकला नाही. नुसता सोडला. "कवापासून माहीत हाय?"

"दहा दिवस. शाम, मले भीती वाटते रे. संगीताबाईचं तुले सांगतलं होतं ना मी…"

"संगीताबाईपासून त्या मानसानं लपवलं. मी लपवत होतो का? मी सांगूनच राह्यलो होतो." त्याचा आवाज चढला नाही, तेच तिला सोसवेना. "आन बाकीचं? कबड्डी, मिशी, मायच्या गोष्टी… तेबी?"

राखीनं मान खाली घातली.

"मग ते हसनं?" त्यानं विचारलं. "'हो का' म्हनून डोळे मोठे करत होती ते?"

तिला सांगायचं होतं की हसणं खरं होतं, माहीत असूनसुद्धा खरं होतं, त्याच्या तोंडून आलं की प्रत्येक गोष्ट नवीनच वाटायची. पण आजपर्यंतच्या सगळ्या 'हो का'नंतर या एका वाक्यावर त्यानं विश्वास का ठेवावा, हे तिलाच सांगता येईना.

"चार वर्सं मी हे बोलायची हिंमत जमवत होतो," शाम म्हणाला. "कोनाले तरी सांगतलं की उतरन थोडं, असं वाटत होतं. आता तुले नाही सांगता येत. तुले माहीतच हाय."

परत येताना तिनं मोटारसायकलच्या मागच्या कडीला धरलं होतं. त्याच्या खांद्यावर हात ठेवायची तिची छाती झाली नाही.

तिनं माफीचे लांब लांब मेसेज लिहिले. त्यानं प्रत्येकाला उत्तर दिलं, साधं, सभ्य. राग नाही, हेच लिहिलं. रसवंतीवर मात्र तो पुन्हा आला नाही. ती रोज जाऊन बसायची. मनात सतत यायचं, आज तो कुठल्या गावाला गेला असेल, कोणाशी बोलत असेल, अतियाला फोन लावावा का… हाताला अक्षरशः खाज सुटायची. ती फोन चाचांच्या गल्ल्यात ठेवून द्यायची आणि संध्याकाळपर्यंत मागायची नाही. पहिले आठ दिवस तिला ताप चढल्यासारखं झालं. मग जमायला लागलं.

मेच्या शेवटी, ऊन डोक्यावर असताना, शाम दुकानात आला. हातात बॅग होती.

"बदली मागून घेतली," तो म्हणाला. "मोटारसायकल पुढं धाडली. आज बसनं सुटलो इथून."

'कुठं?' हा शब्द तिच्या जिभेवर आला. दातांशी आला. राखीनं तो गिळला. नाही विचारायचं. निदान एवढं तरी आपण त्याच्यासाठी शिकलो, हे त्याला दिसू दे.

"बरं," ती म्हणाली. "सांभाळून राहा."

शाम उभा राहिला. बॅग या हातातून त्या हातात घेतली. रस्त्याकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे. ओठाचा डावा कोपरा किंचित हलला.

"आनखी काही… इचाराचं नाही?"

"नाही," राखी म्हणाली. किती कष्टानं म्हणाली, ते तिलाच ठाऊक.

त्यानं मान डोलावली आणि तो उन्हात उतरला.

चाचांनी पेपर खाली ठेवला. मग चष्मा काढून म्हणाले, "बेटी, वो बताने आया था. तूने पूछा क्यों नहीं?"

राखी काउंटरची फळी उचलून धावली. चप्पल तिथंच राहिली. डांबर पायाला चटके देत होतं. ती स्टँडच्या फाटकाशी पोचली तेव्हा धुळीचा लोट उठला होता. एक गाडी यवतमाळच्या रस्त्याला लागली होती, दुसरी पुसदच्या. दोन्ही खच्चून भरलेल्या. दोन्हींच्या खिडक्यांत माणसंच माणसं.

एका गाडीमागं ती चार पावलं धावली. थांबली. वळून दुसरीकडे बघितलं. तो कुठल्या गाडीत आहे, हे तिला माहीत नव्हतं.