सोड म्हटल्याशिवाय

लढाईच्या दिवसांत रायपूरकडे जाणाऱ्या मोठ्या सडकेला उसंत म्हणून नसे. देवरीच्या बाजारापुढून तांदळाच्या बैलबंड्या जायच्या, मोहाची पोती जायची आणि मध्येच धुरळा उडवत लष्कराच्या लॉऱ्या. तेव्हा सडकेच्या दोन्ही अंगांना मोहाची थोराड झाडं होती. आता त्यांतलं एकही नाही.

त्या सडकेच्या पोटातून विटांची एक जुनी मोरी गेली होती. बाजाराची आणि सराईची सारी घाण तिच्यातून नाल्यात जायची. माणूस बसून सरकेल एवढीच तिची उंची. त्या हिवाळ्यात तिच्या विटा झडू लागल्या, नाल्याकडचं तोंड गाळानं पार बुजलं आणि वरची सडक ताटासारखी खोलगट झाली.

"रास्ता बंद नहीं होगा," मुकादम चुन्नीलाल म्हणाला. "जो करना है, नीचे से करो."

म्हणून शालीकराम गवंडी बाजाराकडच्या तोंडातून आत शिरला. कंदिलाच्या उजेडात तो गाळ खोदायचा, सडलेल्या विटा काढून नव्या बसवायचा. त्याच्या मागे त्याची बायको अनुसया, तिच्या मागे धुरपताबाई आणि तोंडापाशी, उजेडात, प्रेमिला. या रेजा, म्हणजे मजुरीच्या बाया, भरलेल्या टोपल्या हातोहात बाहेर काढायच्या. अंधारात एकमेकींचे हात दिसत नसत, म्हणून या कामाची एक रीत होती. देणाऱ्यानं म्हणायचं, 'घे'. घेणारीची पकड नीट बसली की तिनं म्हणायचं, 'सोड'. सोड ऐकल्याशिवाय बोट ढिलं करायचं नाही. नाहीतर टोपली कोणाच्या तरी पायावर पडायची.

ही रीत अनुसयाच्या अंगात अशी भिनली की घरी वरणाचं पातेलं देतानाही ती हात काढेना.

"सोड म्हना ना वो," ती म्हणायची.

"मी कायले म्हनू?" चुन्यानं नि तंबाखूनं घोगरा झालेला शालीकरामचा आवाज हसायचा. "मी त घे म्हननारा मानूस."

वेगळं काही आहे हे आधी कळलं धुरपताबाईला. शालीकरामनं "घे" म्हटलं आणि अनुसयाचा हात टोपलीला लागायच्या आत "सोड" ऐकू आलं.

"कोन म्हनलं वं?"

"मी नाही बाई."

"आवाज फिरून येते," शालीकराम म्हणाला. "कामाले लागा."

पण त्या आवाजात घोगरेपणा नव्हता. तो शांत होता, ओलसर होता. आणि तो शालीकरामच्या पुढून आला होता, जिथं नुसता गाळ होता.

मग एके दिवशी रिकामी टोपली हरवली.

"आत्ता त पुढं ठेवली होती," शालीकराम चाचपडत म्हणाला.

"तुह्या सासूनं नेली असंल," धुरपताबाई म्हणाली. बाया हसल्या. वरून लॉरी गेली, डोक्यावर चुना झडला आणि हसणं थांबलं. कंदील पुढे धरला, तर गाळात हात जाईल एवढं भोक पडलेलं होतं. त्यातून गार वारा येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुसया त्याला आडवी आली. "आज आत नोका जाऊ."

"काऊन? भेव वाटून राहिलं का वं?"

"हो, वाटून राहिलं."

"हातभर काम राहिलं. सोडून देलं त सडक बसंल, लॉरी घेऊन बसंल. बाहेर आलो की तुह्या हातची आंबील पेतो. जाऊ दे."

दुपारी लॉऱ्यांची रांगच आली. मोरी थरथरली. कमानीचा एक तुकडा सुटला आणि कंदील विझला.

"अनुसया, हात दे!"

तिनं हात लांबवला. चुन्यानं भेगाळलेला, गरम, ओळखीचा पंजा तिच्या हातात बसला. ती मागे सरकू लागली. धुरपताबाईनं तिची कंबर धरली.

तेवढ्यात पुढून, शालीकरामच्याही पलीकडून, पकड नीट बसल्यावर म्हणतात तसं कोणी म्हणालं,

"सोड."

अनुसयाची बोटं उघडली.

डोक्याला कळायच्या आत हातानं ऐकलं होतं.

ती किंचाळली. पुन्हा झेपावली. पंजा सापडला. तिनं जीव खाऊन ओढला.

या खेपेला तो अगदी सहज आला.

बाहेर शालीकराम उन्हात डोळे मिचकावत बसला. अंगभर गाळ. बाया रडत होत्या, हसत होत्या. "बहुत हुआ," चुन्नीलाल गड्यांवर ओरडला. "पत्थर डालो, मुंह बंद करो."

अनुसयानं नवऱ्याला मोहाखाली आणलं, त्याच्या हातांवर पाणी ओतलं. गाळ निघून गेला. तळवे मऊ होते, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखे सुरकुतलेले. भेगा कुठंच नव्हत्या. ओलीत काम करून झालं असेल, तिनं मनाशी म्हटलं. एवढा बडबड्या माणूस, अजून एक शब्द बोलला नव्हता.

तिनं आंबिलीचा लोटा पुढे केला. "घ्या."

त्यानं लोट्याला हात लावला. पकड नीट बसवली.

"सोड," तो म्हणाला. शांत, ओलसर.

अनुसयानं लोटा सोडला नाही.

पलीकडे गडी मोरीच्या तोंडाशी दगड रचत होते. एक लॉरी गेली. तिची घरघर विरली आणि दगडांच्या उरलेल्या फटीतून घोगऱ्या, दमलेल्या आवाजात कोणी म्हणालं,

"घे."