धामणकर नाक्यावरची हिरवी रेघ

"दार लावा आधी! उजेड येतोय."

अंधाऱ्या खोलीतून आवाज आला आणि विद्युल्लता उंबऱ्यातच थबकली. टायपिंगचा क्लास वरच्या मजल्यावर होता. रोज याच जिन्याने तर ती चढायची! पण आज धामणकर नाक्यापासून पावसाने असं झोडपलं होतं की उलटी झालेली छत्री सावरता सावरता कुठला मजला, कुठलं दार, काही न बघता तिने समोरचं दार ढकललं होतं.

आत टाइपरायटर नव्हते. खिडक्यांवर जाड मांजरपाट, मधल्या टेबलावर एक राखाडी लोखंडी डबा, डब्याला छोटीशी काच आणि काचेवर... एक हिरवी रेघ. नागमोडी, धावत सुटलेली.

"आत या, नाहीतर बाहेर जा," डब्यामागचा मुलगा म्हणाला, "पण दार लावा."

ती आत आली. का आली, हे तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही.

"काय आहे हे?"

"सीआरओ. मीटर नुसता आकडा सांगतो, किती व्होल्ट ते. हा सिग्नलचा आकार दाखवतो. कुठे चढतो, कुठे पडतो..."

"मग ही रेघ अशी पळतेय का?"

"थांबवतोय, पण ऐकत नाही." तो हसला. "तुम्ही बघता? हे बटण, ट्रिगरचं. रेघेने दर वेळी कुठून सुरुवात करायची, ते याने ठरतं. हळूच फिरवा... अहो, थांबा! हात ओले आहेत!"

त्याने खिशातला रुमाल पुढे केला. तिने हात पुसले, बटणाला बोट लावलं. रेघ आधी पुसट झाली, मग उलटी पळाली आणि एकदम जागच्या जागी उभी राहिली.

"थांबली!" विद्युल्लता इतक्या मोठ्याने ओरडली की आतल्या खोलीतून कुणीतरी खाकरलं.

"रामदास सर," मुलगा हळूच म्हणाला. "क्लास त्यांचा. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा. मी वाल्मीक, प्रॅक्टिकल घेतो. तुमचं नाव?"

"विद्युल्लता."

"बाप रे!" तो खुर्चीसकट मागे सरकला. "मग जरा लांबूनच बोलायला हवं."

तिला हसू आलं. रुमाल तिच्याच मुठीत राहिलाय हे तिला जिना उतरताना कळलं.

विद्युल्लता चौबळ म्हणजे पायाला भिंगरी. कॉलेज संपलं तसं तिने भरतकाम घेतलं, सोडलं. शिवण घेतलं, सोडलं. वडील श्रीनाथराव तहसील कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी स्थळं बघायला घेतली होती, आणि तोवर पोरीचा हात रिकामा नको म्हणून टायपिंग. वरच्या मजल्यावरची ती खडखड ऐकली की तिला वाटायचं, आपण कुणाच्या तरी दुसऱ्याच्याच ओळी बडवतोय.

त्या दिवसापासून ती घरातून टायपिंगला निघायची आणि एक मजला आधीच थांबायची.

क्लासात ती एकटीच मुलगी. बाकी मुलं कामतघरची, काल्हेरची. घरोघरी टीव्ही आले होते आणि बिघडतही होते. तिला मात्र दुरुस्तीपेक्षा मोजण्याचंच वेड लागलं. मल्टिमीटरचा काटा कुठल्या पट्टीवर वाचायचा, अंदाज नसेल तेव्हा सगळ्यांत मोठ्या रेंजपासून का सुरुवात करायची... आणि शुक्रवारी सीआरओ. एरवी गावातल्या यंत्रमागांच्या मोटरी चालू असल्या की लाइनवर सगळा कचरा यायचा, रेघेवर काटे उभे राहायचे. शुक्रवारी माग बंद. गाव गप्प, आणि रेघ स्वच्छ.

"आधी हा काळा चिमटा पत्र्याला लावायचा, तो जमिनीला जोडलेला असतो," वाल्मीक सांगायचा. "मग प्रोबचं, म्हणजे मोजायच्या तारेचं टोक. विसरायचं नाही."

"विसरले तर?"

"रेघ वेड्यासारखी करते."

"आणि तुम्ही?"

तो गडबडीने बटणांकडे वळला. "मी... मी काय, मी बघत राहतो."

"रेघेकडे?"

त्याने प्रोब उगाचच पुसून ठेवला. पण त्याचे कान लाल झालेले तिला अंधारातही दिसले — किंवा दिसले असं वाटलं! घरी आली तरी तिला चैन पडेना. ताटावर बसली की उठावंसं वाटायचं, उठली की खिडकीशी, खिडकीशी गेली की पुन्हा आत. शुक्रवार का येत नाही लवकर?

आणि एका शुक्रवारीच घात झाला.

सरावासाठी एक जुना टीव्ही उघडून ठेवलेला होता. असा सेट थेट भिंतीच्या प्लगला लावायचा नाही, मधे ट्रान्सफॉर्मर घ्यायचा. नाहीतर सेटच्या पत्र्यातच वीज उतरलेली असू शकते. वाल्मीकने हे दहादा बजावलं होतं. तो खाली चहा आणायला गेला. तो येईपर्यंत थांबणं विद्युल्लताच्या जिवावर आलं. तिने प्लग सरळ भिंतीत खोचला आणि काळा चिमटा पत्र्याला लावला.

फाट्‌कन आवाज झाला. निळी ठिणगी, जळका वास... आणि काच काळी.

रामदास सर धावत आले. "कुणी केलं हे? मागून आणलेली वस्तू आहे, दिवाळीला परत द्यायचीय मला!"

दारात दोन ग्लास घेऊन वाल्मीक उभा होता. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडून झालं, सर. ट्रान्सफॉर्मर लावायचा राहून गेला."

"तू? तुला मी प्रॅक्टिकल सोपवलं, ते यासाठी? दुरुस्त कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!"

जिन्यात तिने त्याला गाठलं. "खोटं का बोललात?"

"तुमचं नाव आलं असतं तर सरांनी घरी निरोप धाडला असता." तो कसनुसा हसला. "घरी अजून टायपिंगच चाललंय ना?"

ती वळली आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

"सर, ते मी केलं. त्यांचा काही संबंध नाही."

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग धापा टाकत मागोमाग आलेल्या वाल्मीककडे. "असं आहे होय," ते म्हणाले. "मग दोघं मिळून उघडा तो डबा."

पण डबा उघडायच्या आधी रविवार आला, आणि रविवारी कल्याणचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, बरोबर त्याची मावशी. विद्युल्लता पोह्यांचा ट्रे घेऊन बसली. मावशींनी गोड आवाजात विचारलं, "टायपिंगचा स्पीड किती झाला गं?"

काहीतरी सांगून टाकायला काय जात होतं? पण शुक्रवारपासून तिला खोट्याचा वीट आला होता.

"टायपिंग मी केव्हाच सोडलं. मी सीआरओ शिकते."

"काय शिकतेस?"

"विजेचे सिग्नल मोजायचं यंत्र. परवाच मी एक जाळलं."

पाहुणे लवकर उठले. श्रीनाथरावांनी दाराला कडी लावली. मग म्हणाले, "शिकवतं कोण?"

"वाल्मीक."

"कोण वाल्मीक?"

"भालेराव. कामतघरचे."

त्यांनी चष्मा काढून टीपॉयवर ठेवला. आडनावाने त्यांना सांगायचं ते सांगितलं होतं. "नुसतं शिकवतो? की..."

तिनेही स्वतःला हे कधी विचारलं नव्हतं. "ते मला अजून काही बोलले नाहीत, बाबा," ती म्हणाली. "पण ते दिसले नाहीत तर माझं कशात लक्ष लागत नाही."

"उद्यापासून जाणं बंद."

ते दिवस तिने कसे काढले! घासलेली भांडी पुन्हा घासली. गॅलरीत गेली, आत आली, परत गॅलरीत. लांबून मागांची धडधड यायची आणि तिच्या छातीत वेगळीच सुरू असायची. वाल्मीकला सरांनी काढलं असेल का? तो काय समजला असेल?

शुक्रवारी सकाळी मागांची धडधड थांबली. आई, सरोजिनीबाई, भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. लेकीच्या येरझाऱ्या त्यांनी बराच वेळ पाहिल्या.

"शुक्रवार ना आज?"

"हो."

"जा मग." वालाचं साल काढता काढताच त्या म्हणाल्या. "पण आता चोरून नको. कुठे गेलीस ते मीच सांगते ह्यांना."

विद्युल्लताने आईला मिठी मारली आणि चपला घालायला धावली.

वाल्मीक उघड्या सीआरओवर वाकलेला होता. केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले. ती दिसताच त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला.

"मला वाटलं... कल्याणचं जमलं."

"कुणी सांगितलं कल्याणचं?"

"गाव छोटं आहे."

"नाही जमलं," ती बाही मागे सारत म्हणाली. "मीटर द्या इकडे. फ्यूज बदललात?"

"बदलला. तरी मेलेलाच."

दोघं शेजारी बसली. प्लग काढलेला, मीटर ओहमवर. तो एक टोक धरायचा, ती दुसरं; काटा हलला की तार शाबूत, मग पुढची जागा. इथे हलला. इथेही. त्याचा हात तिच्या हाताला लागायचा, आणि दोघंही काट्याकडेच बघतोय असं दाखवायची. प्रोब जिथे बसतो त्या सॉकेटखाली मात्र काटा ढिम्म राहिला. तिने बॅटरीचा झोत टाकला. तांब्याची एक बारीक पट्टी जळून तुटली होती.

"सापडली!" ती कुजबुजली.

त्याने तार जोडून डाग दिला. प्लग लावला. काच हळूहळू उजळली आणि हिरवी रेघ सरळ उमटली. विद्युल्लताने टाळी वाजवली. वाल्मीक मात्र रेघेकडे बघतच नव्हता.

"एक बोलू?" तो म्हणाला. "तुमच्या आळीत मी टीव्ही दुरुस्तीला येतो ना... एका घरी अजून मला पडवीतच बसवतात. चहाचा कप वेगळा. म्हणून मी इतके दिवस... नाहीतर केव्हाच बोललो असतो. पहिल्याच दिवशी."

"काय बोलला असतात?"

"तेच. तुम्हाला माहीत आहे ते."

"मला ऐकायचंय."

"मला तुम्ही हव्या आहात. शुक्रवारपुरत्या नाही."

तिचे डोळे भरून आले आणि ती हसलीही. "मग रविवारी घरी ये."

"ये?" तो चमकला. "तू म्हणालीस?"

"म्हणाले."

"वडिलांना माझं आडनाव आधी सांगून ठेव."

"सांगितलंय."

"आणि?"

"जाणं बंद केलं होतं."

"तरी आलीस?"

"तरी आले."

रविवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस. श्रीनाथराव दारातच उभे होते. पडवीतल्या बाकाकडे वाल्मीकची नजर गेली, तशी त्यांचीही गेली. मग ते बाजूला झाले. "आत या," म्हणाले. सरोजिनीबाईंनी सगळ्यांचा चहा एकाच ट्रेमधून आणला. बोलणं फारसं झालंच नाही. पाऊस, लोडशेडिंग, रामदास सरांचा क्लास... मग श्रीनाथराव कपाकडे बघत म्हणाले, "मला वेळ लागेल. नातेवाईक आहेत, कचेरी आहे... आणि मी स्वतः आहे."

"लागू दे, काका," वाल्मीक म्हणाला. "मी येत राहीन."

तो उठला तशी विद्युल्लताही उठली. "नाक्यापर्यंत सोडून येते यांना."

भर दुपारी, सगळ्या आळीसमोरून! श्रीनाथरावांनी कप ट्रेमध्ये ठेवला.

"लवकर ये," ते म्हणाले.

गॅलऱ्यांतून माना वळल्या. समोरच्या गुणाबाई निवडायचं सूप घेऊन तशाच उभ्या राहिल्या. विद्युल्लता कुणाकडेही न बघता भराभर चालत होती, नेहमीसारखी, वारा प्यायल्यासारखी. वाल्मीकला तिला गाठता गाठता पुरेवाट झाली.

"अगं, हळू चाल ना जरा."

"का? दमलास?"

"नाही," तो म्हणाला. "नाका लगेच येईल."

तिने त्याच्याकडे पाहिलं... आणि पाऊल आवरलं.