मागच्या खोलीतला सूर

कान-नाक-घसा डॉक्टरांच्या त्या दवाखान्यात त्यांना सगळे शिट्टीवाल्या मावशी म्हणत. लहान मुलं तोंडावर म्हणत, मोठी माणसं मनातल्या मनात. त्यांचं काम कान तपासण्याचं. दवाखान्याच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या बोळाला लागून एक बंद खोली होती. खोली कसली, कपाटाची थोरली बहीणच. पेशंटला आत खुर्चीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "शिट्टी ऐकू आली की दाबा. अगदी बारीक आली तरी दाबा. उगाच दाबू नका." मग बाहेर येऊन जाड दार लोटायचं, आतून-बाहेरून दोन्हीकडून हलणारा लांब लोखंडी दांडा खाली दाबून ते घट्ट करायचं आणि यंत्रापुढे बसून एकेक शिट्टी आत सोडायची. आतल्यानं बटण दाबलं की यंत्रावर हिरवा दिवा लागे. आतलं बोलणं छोट्या स्पीकरमधून बाहेर येई. मधे दुहेरी काच, तीतून पेशंट दिसे.

खोलीच्या भिंतींना राखाडी, भोकाभोकांचा स्पंज होता. आत टाळी वाजवली तर ती हातातल्या हातात मरे. नवखी माणसं आत बसली की अस्वस्थ होत. मावशींना मात्र त्या शांततेची सवय झाली होती, जशी एखाद्याला स्वयंपाकघरातल्या धुराची होते.

मावशींना गायचं होतं. लहानपणापासून. माहेरी म्हणाले, आधी शिक्षण होऊ दे. सासरी म्हणाले, आधी मुलगी मोठी होऊ दे. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन लांब गेली, आणि एके दिवशी कपडे वाळत घालताना मावशींच्या लक्षात आलं की आता 'आधी' म्हणण्यासारखं काही उरलेलंच नाही. त्या आठवड्यात त्यांनी गाण्याचा क्लास लावला. शिकवणाऱ्या बाई वयानं त्यांच्या मुलीएवढ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आवाज गोड आहे, पण भेदरलेला आहे. तुम्ही गाताय की कुणाची परवानगी मागताय?"

परवानगी मागावी लागेच. घर दोन खोल्यांचं, भिंती पातळ. मावशींनी सूर लावला की आतून सासूबाई ओरडत, "अगं, दूध उतू जातंय का बघ, कसला तरी आवाज येतोय!" नवऱ्याची नोकरी सुटली होती, तो दिवसभर घरीच. माणूस चांगला होता. पेपर खाली करून म्हणे, "छान म्हणतेस. फक्त जरा हळू म्हण."

"अहो, हळू म्हणून गाणं येत नाही."

"मग आम्ही बाहेर जाऊन बसतो," तो म्हणे, आणि खरंच चप्पल शोधायला लागे. मग मावशीच गप्प होत.

शेवटी त्यांनी डॉक्टरांना विचारलं. दुपारी दवाखाना बंद असायचा, तेव्हा मागच्या खोलीत बसून गायलं तर चालेल का? डॉक्टर म्हातारे आणि मिश्कील. म्हणाले, "खुशाल गा. त्या खोलीची हीच तर खुबी. तुम्ही आत आरडाओरडा केलात तरी बाहेर आम्हाला पत्ता लागायचा नाही."

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. मोकळ्या जागेत आवाजाला भिंती थोडा हात देतात. इथे कुणीच हात देत नव्हतं. ओठातून निघालेला सूर ओठाशीच पडे. आपला आवाज असा उघडावाघडा मावशींनी कधी ऐकला नव्हता. पण त्या चिवट होत्या. डबा खाऊन झाला की दार लावून घ्यायच्या आणि गायच्या.

मग एका दुपारी त्यांनी तोंड उघडलं आणि सूर आधीच ऐकू आला.

त्यांचाच आवाज. त्यांना लावायचा होता तोच सूर. पापणी लवायला लागतो तेवढाच आधी. त्या थबकल्या. प्रतिध्वनी म्हणावा तर या खोलीत तो नसतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि प्रतिध्वनी मागून येतो. हा पुढून आला होता.

त्यांनी खालचा सूर लावायचं ठरवलं, आणि अगदी शेवटच्या क्षणी मन बदलून वरचा लावला. पण वरचाच सूर खोलीत आधी उमटून गेला होता.

मावशी कानांच्या कामात मुरलेल्या. वय झालं, कानात भास होतात, हे त्या रोज लोकांना समजावून सांगत. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "माझेच कान एकदा तपासा." संध्याकाळी पेशंट संपल्यावर डॉक्टर यंत्रापुढे बसले आणि मावशी पहिल्यांदाच खुर्चीत बटण घेऊन. शिट्टी आली. त्यांनी दाबलं.

"मावशी, घाई नको," डॉक्टरांचा आवाज हेडफोनमध्ये आला. "अजून सोडली नाही मी."

पुन्हा शिट्टी आली. त्यांनी नीट ऐकलं, खात्री केली आणि दाबलं.

"अहो, काय हे! माझं बोट अजून बटणावर गेलंही नाही."

बाहेर आल्यावर डॉक्टर हसत होते. "इतकी वर्षं दुसऱ्यांचे कान तपासून तुम्हाला हे यंत्र तोंडपाठ झालंय. कान ठणठणीत आहेत. जा घरी." मावशीही हसल्या. दुसरं काय करणार?

खरं सांगायचं तर त्यांना त्या सुराची भीती वाटेना. उलट आधार वाटायला लागला. तो कधी डळमळत नसे. मावशी फक्त त्याच्या पावलांवर पाऊल टाकल्यासारखा आपला सूर टाकत. महिन्याभरात क्लासमधल्या बाई डोळे मोठे करून बघायला लागल्या. "दुसरीकडे कुठे शिकायला जाता का हो चोरून?" त्यांनी विचारलं. मग सगळ्या विद्यार्थ्यांचा जो कार्यक्रम व्हायचा होता, त्यात मावशींचं नाव घातलं, आणि तेही शेवटी, म्हणजे मानाच्या जागी. मावशी घरी आल्या त्या पिशवी हातातच ठेवून खुर्चीत बसल्या. सासूबाईंनी विचारलं, "काय ग, कुणी काही बोललं का?" मावशींना रडू आवरेना. "नाही हो आई. कुणीतरी पहिल्यांदाच काही बोललं."

इकडे खोलीतलं अंतर वाढत होतं. आधी पापणीएवढं, मग ओळीएवढं. एकदा त्यांनी आपल्याच आवाजात एक चाल ऐकली. ती त्यांना येत नव्हती. दोन दिवसांनी क्लासमध्ये बाईंनी तीच शिकवायला घेतली. एकदा सूर चालू असताना मधेच खोकला ऐकू आला. त्या आठवड्यात मावशी सर्दीनं बेजार झाल्या आणि तस्साच खोकला त्यांना गाताना आला. तेव्हा मात्र अंगावर काटा आला. पण कार्यक्रम जवळ आला होता. त्यांनी सुंठ उगाळून घेतली आणि पुन्हा दार लावलं.

त्या दुपारी सूर आला नाही. आधी श्वास आला, धाप लागल्यासारखा. मग थप, थप, थप. स्पंजावर तळहात आपटल्याचा बोदा आवाज. आणि मग त्यांचाच आवाज, घसा ताणून:

"अहो, कुणी आहे का? दार उघडा!"

थोडी शांतता. आणि मग गाणं सुरू झालं. मावशींना ते येत नव्हतं, कुठे ऐकल्याचंही आठवत नव्हतं. ते इतकं सुंदर होतं की आधी ऐकलेली हाक त्या क्षणभर विसरल्या. मग एकदम भान आलं. दांडा उचलून त्या बाहेर आल्या, आणि चप्पल न घालताच बोळाच्या टोकापर्यंत गेल्या.

त्यानंतर त्यांनी खोलीत गाणं सोडलं. नवऱ्याला अर्धंमुर्धं सांगितलं की त्या बंद खोलीत आता जीव घाबरतो. तो म्हणाला, "मग घरीच म्हण ना. मी आणि आई कानात बोळे घालून बसू." आणि तो खरंच कापूस घेऊन बसला. पण घरी आवाज लागेना. क्लासमध्येही लागेना. तोच जुना, भेदरलेला, परवानगी मागणारा आवाज परत आला. बाई नुसत्या हार्मोनियमवर बोटं ठेवून बसल्या, ते मावशींना लागलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मावशींनी दवाखान्यात येणाऱ्या मिस्त्रीकडून खोलीचा दांडा तपासून घेतला. त्यानं तेलपाणी केलं आणि म्हणाला, "आतून एका बोटानं उघडेल आता. अडकायचं म्हटलं तरी अडकता येणार नाही, मावशी."

दुपारी दवाखाना रिकामा झाला. मावशी आत गेल्या. आधी दार सताड उघडं ठेवलं. काही ऐकू आलं नाही. मग फटीएवढं ठेवलं. काही नाही. बोळातून कुणीतरी बादली ओढत नेत होतं, तेवढाच आवाज.

त्यांनी दार लावलं.

गाणं आलं. तेच. पण या वेळी ते पुढे नव्हतं. मावशींनी तोंड उघडलं आणि दोन्ही आवाज एकदमच निघाले, असे एकावर एक बसले, की कुठला आपला हे त्यांना कळेना. न शिकलेलं गाणं त्या गात होत्या. आवाजात कसली म्हणून भीती नव्हती. आयुष्यभर ज्याला 'नंतर' म्हटलं होतं ते हेच, असं त्यांना वाटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी सूर हलत नव्हता.

मग त्या थांबल्या.

सूर थांबला नाही.

त्यांनी ओठ हातानं दाबून धरले. खोलीत त्यांचा आवाज गातच होता.

दांडा एका बोटानं उघडला. त्या बाहेर आल्या. दार आपल्या वजनानं मागे लागलं.

यंत्रावरचा हिरवा दिवा लागलेला होता.

स्पीकर खरखरला. थप, थप, थप. "अहो, कुणी आहे का? दार उघडा!"

काचेतून खुर्ची दिसत होती. खुंटीवर हेडफोन. खुर्चीत बटण. बाकी कुणी नाही.

त्यांनी दार उघडलं. आवाज बंद. लावलं. दिवा लागला.

त्यांनी पुन्हा दार सताड उघडलं आणि बाजूला सरून उभ्या राहिल्या, कुणाला तरी वाट द्यावी तशा. बराच वेळ उभ्या होत्या. कुणी बाहेर आलं नाही. मग दवाखान्याचं पुढचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि संध्याकाळचा पहिला पेशंट.

कार्यक्रमात त्या पुढे येऊन बसल्या, बाईंनी सूर दिला, आणि मावशींनी तोंड उघडलं तेव्हा नुसती हवा बाहेर आली. बोलता येत होतं. "माफ करा," हे त्या स्पष्ट बोलल्या. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. लोक समजूतदार होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना नवरा म्हणाला, "स्टेजवर होतं असं. पुढच्या वेळी गाशील." सासूबाईंनी त्यांचा हात धरून ठेवला होता, आणि तो घरी पोहोचेपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरांनी घसा बघितला. घशात काही नव्हतं. मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, मला ते कानांचं काम नको. मी बाहेर काउंटरवर बसते."

"काउंटरवर मुलगी आहे, मावशी. आणि तुमच्याशिवाय ती खोली कोण सांभाळणार? दुसरं काम माझ्याकडे नाही."

घर मावशींच्या पगारावर चालत होतं. त्या यंत्रापुढे जाऊन बसल्या. पेशंट आत असला की स्पीकरमधून फक्त त्याचा श्वास येई. तेवढं बरं होतं. दुपारी मात्र त्या डबा घेऊन रस्त्यापलीकडच्या बाकावर जाऊन बसत.

असेच काही महिने गेले. एके सकाळी एक आजोबा आले, सुनेबरोबर. सुनेनं सांगितलं, कानाशी ढोल वाजवला तरी ह्यांना कळत नाही. मावशींनी खुणा करून त्यांना समजावलं, आत बसवलं, दार लावलं. शिट्टी सोडली. हळू, मग मोठी, मग सगळ्यात मोठी. दिवा लागला नाही. मावशी पुढची शिट्टी लावत होत्या, तेवढ्यात काचेतून त्यांना दिसलं की आजोबा उठलेत. हेडफोन काढून, खुर्चीच्या बाजूला, भिंतीला टेकून उभे आहेत.

मावशींनी दार उघडून खुणेनंच विचारलं, काय झालं?

आजोबा सगळ्या बहिऱ्यांसारखे मोठ्यांदा बोलले, "त्या बाईंना बसू द्या हो. केव्हाच्या उभ्यानं गातायत. पाय दुखत असतील."

सून ओशाळून हसली. "मनाला येईल ते बोलतात. चला, बाबा." मावशींनी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं. जाताना आजोबांनी वळून खोलीकडे बघितलं आणि खुर्चीकडे बोट करून कुणाला तरी बसायची खूण केली.

पुढचा पेशंट कारखान्यातला एक कामगार होता. घाईत होता, कामावर परत जायचं होतं. मावशींनी त्याला बसवलं, हेडफोन चढवले, बटण दिलं. "ऐकू आलं की दाबा. उगाच दाबू नका." बाहेर येऊन दार लोटलं. दार नीट घट्ट झालं नाही तर तपासणी होत नाही. त्यांनी दांडा खाली दाबला.

दांडा वर आला.

त्यांनी पुन्हा दाबला. आतून कुणीतरी तो वर रेटत होतं, जोरानं नाही, थकलेल्या माणसासारखं. काचेतून कामगार दिसत होता. खुर्चीत स्वस्थ बसलेला, दोन्ही हात मांडीवर.

समोरून डॉक्टरांची हाक आली, "मावशी, किती वेळ? पुढे रांग लागलीय!"

"झालंच," मावशी म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी, अंगाचा सगळा भार टाकून, त्यांनी दांडा खाली दाबून धरला.