खाणीपासून पुढे

पिकअप गॅरेजच्या फाटकातून आत शिरली आणि लाइटवालीच्या डोळ्यांपुढे नुसता पांढरा पडदा उभा राहिला. दिवस मावळला होता, पावसाची बुरबुर चालू होती, आणि त्या दोन दिव्यांचा झोत नेमका तिच्या चेहऱ्यावर!

"बंद करा हो! डोळे फोडायला आलात का?"

झोत विझला. मग बऱ्याच उंचावरून कोणीतरी धप्पकन खाली उतरलं. डोळे चोळून तिने पाहिलं. शिडी लावून चढावं अशी उंच केलेली गाडी, आणि तिच्याशेजारी अपराधी चेहऱ्याने उभा असलेला एक तरुण. केसांत पावसाचे थेंब आणि अंगाला मधाचा वास.

"सॉरी... दिवे सेट करून देणाऱ्या तुम्हीच ना?"

"मीच. आणि गाडीला एवढं डोक्यावर कोणी चढवलं?"

"माझ्या मधमाश्यांच्या पेट्या वर माळावर आहेत. वाटेत दगडच दगड. खालून ठोकर लागायची, म्हणून उंच करून घेतली."

"आणि गाडीबरोबर दिवेही वर गेले, हे कोणी सांगितलं नाही."

"नाही... तुम्ही पहिल्याच." तो हसला. हसला तोही असा, की तिला उगाचच हातातलं फडकं झटकावंसं वाटलं.

गॅरेज तिच्या वडिलांचं. त्यांना सगळं गाव उस्ताद म्हणे. इंजिन उस्तादांचं आणि दिवे लेकीचे, अशी घरातली वाटणी. समोरून आलेल्या अशाच एका झोताने उस्तादांचा एक पाय कायमचा अधू केला होता, त्यामुळे दिव्यांच्या बाबतीत बापलेक दोघंही कोणाचं ऐकून घेत नसत.

तिने चाकांतली हवा बघितली, गाडी सपाट फरशीवर भिंतीसमोर घेतली, दिव्यांची उंची मोजून भिंतीवर काळी पट्टी चिकटवली. "तुम्ही सीटवर बसून राहा. तुमचंही वजन धरावं लागतं."

"बरं झालं, कोणीतरी धरलं! घरात तर माझं काडीचं वजन नाही."

ओठ दाबून ती बोनेटमध्ये वाकली. स्क्रू फिरत गेला तशी भिंतीवरची उजेडाची कड हळूहळू खाली उतरली आणि पट्टीच्या चार बोटं खाली येऊन थांबली. काम झालं. तो गेला. त्यानंतर तिला दोन-तीनदा मधाचा वास आल्यासारखं वाटलं, पण ते सोडा.

एक दिवस मध्ये गेला आणि तो परत हजर.

"दिवे वर गेलेत. समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारतो. एकाने तर गाडी थांबवून माझ्या अख्ख्या खानदानाची आठवण काढली."

तिने गाडी भिंतीसमोर घेतली. उजेडाची कड जिथल्या तिथे! केसभरही हललेली नाही.

"कुठे वर गेलेत? बघा की."

त्याने पाहिलं. डोकं खाजवलं. "इथे बरोबर आहेत... पण वाटेत नव्हते. खाणीपासून पुढे गाडी जड लागते, आणि मग लोक डिपर मारायला लागतात."

"गाडी जड, की मन जड?"

"मन तर तुमचं फाटक सोडताना होतं," असं म्हणून तो स्वतःच लाजला.

असं एकदा झालं, दोनदा झालं. तो तीच तक्रार घेऊन येई, ती भिंतीवर तीच कड दाखवी, आणि मग दोघं गाडीच्या पायरीला टेकून गप्पा मारत. माश्या संध्याकाळी घरी परततात तेव्हा पेटीला कान लावला की कसा आवाज येतो, हे तो सांगे. ती ऐकत राही. त्याच्या गाडीचा आवाज तिला गल्लीच्या टोकापासून ओळखू यायला लागला. तो तिला आवडायला लागला होता. आणि पंचाईत तीच होती, कारण थापाड्या माणूस तिला जन्मात आवडला नसता.

एका संध्याकाळी उस्ताद म्हणाले, "तोच माणूस तीच तक्रार घेऊन येतोय. म्हणजे एकतर तुझं काम कच्चं, नाहीतर तो खोटं बोलतोय. तुझं काम मी रोज बघतो. चार लोकांत आपल्या गॅरेजचं नाव खराब व्हायच्या आत त्याचं येणं बंद कर."

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा तिने गाडी भिंतीसमोर घेतलीच नाही.

"खरं सांगा. मला भेटायला येता ना? तसं म्हणा, मला राग येणार नाही. पण माझ्या कामाला नावं ठेवून येऊ नका."

तो कानापर्यंत लाल झाला. "दिवे... दिवे खरंच वर जातात."

जे ऐकायला तिचे कान आसुसले होते, तेवढंच सोडून तो सगळं बोलला! रागाने तिने तोंड फिरवलं आणि तिची नजर गाडीच्या मागच्या हौद्यात गेली. तळावर पांढरी दगडाची भुकटी पसरली होती. मध्ये मध्ये स्वच्छ मोकळे गोल. दाटीवाटीने माणसं बसून उठली की मागे राहतात तसे.

"यात माणसं नेता?"

"छे! मधाचे डबे नेतो, दोन-चार. ही भुकटी मी रोज धुतो... आणि रोज होते."

तिच्या मानेवर काटा आला. पण राग अजून उतरला नव्हता.

"उद्या मी येते तुमच्याबरोबर. दिवे खाली राहिले, तर पुन्हा इथे यायचं नाही. कधीच."

"आणि वर गेले तर?"

"...तर बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्याबरोबर माळावर गेली. त्याने तिच्या डोक्यावर जाळीची टोपी घातली, गाठ मारताना त्याची बोटं हनुवटीला लागली, आणि दोघांनीही ते जाणवलंच नाही असं दाखवलं. परतताना अंधारून आलं. त्याने दिवे लावले. झोत रस्त्यावर जसा पडायला हवा तसाच पडला होता. समोरून एक बस आली, गेली. डिपर नाही. एक मोटारसायकल गेली. काही नाही.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. आपलं काम चुकलेलं असावं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं.

"इथे मी थोडा थांबतो," तो म्हणाला. "उताराने ब्रेक तापतात. सपाट जागा ही एवढीच."

खाण कधीचीच बंद पडली होती. समोर कापलेल्या कातळाची उंच, उभी भिंत. तो नेहमीसारखे दिवे बंद करायला गेला तसा तिने त्याचा हात धरला.

"राहू द्या. आज बघू."

कातळावर उजेडाची कड स्थिर होती. पाऊस थांबला होता, तरी ओल्या दगडाचा गार वास आत आला. रातकिडे ओरडत होते, ते एकदम गप्प झाले.

गाडीचा मागचा भाग हलकेच खाली बसला.

कोणी पाय देऊन चढावं तसा. स्प्रिंगचे पाटे कुरकुरले आणि कातळावरची कड टीचभर वर सरकली. मग पुन्हा एकदा, आणि पुन्हा. उजेड पायरी-पायरीने कातळ चढत होता. तिने आरशात पाहिलं. हौदा रिकामा! मधाचे डबे मात्र कोपऱ्यात सरकवून ठेवलेले, जागा करून घ्यावी तसे. शेवटी टपावर दोन थापा पडल्या. चला, असं सांगणाऱ्या, दमलेल्या हाताच्या.

त्याचा हात अजून तिच्या हातात होता. त्याने तिची बोटं घट्ट धरली.

"बघितलंत? दिवे बंद असायचे... मला वाटायचं, वाऱ्याने गाडी हलते."

"बाबा सांगतात," ती कुजबुजली. "खाणीतल्या माणसांना न्यायला संध्याकाळी ट्रक यायचा. एकदा आलाच नाही. पाऊस होता, म्हणून सगळी कातळाच्या आडोशाला उभी राहिली... आणि कातळ खाली आला."

मागे कोणीतरी खोकल्यासारखं वाटलं, अगदी हळू, त्रास नको म्हणून आवरलेलं.

"दुसरी वाट आहे," ती म्हणाली. "लांबची."

"आहे. पण ही इथे ताटकळत बसतील ना? इतक्या वर्षांनी कोणीतरी थांबतंय त्यांच्यासाठी." तो घाबरलेला होता, पण हे म्हणाला. आणि त्या वाक्याला ती त्याच्या प्रेमात पडली. आधी पडली होती ती नुसती पूर्वतयारी.

"मग दिवे असे ठेवून चालणार नाही. समोरचा कोणीतरी आंधळा होऊन दरीत जाईल." तिने पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. "तुम्ही सीटवरून हलू नका."

ती खाली उतरली. हौद्याकडे बघायचं धाडस झालं नाही, पण सवयीने, गिऱ्हाइकाला सांगावं तसं ती म्हणाली, "जरा बसून राहा हं सगळे. हलू नका. आत्ता होईल."

कुरकुर थांबली. इतकी, की तिला स्वतःचा श्वास ऐकू आला. दिव्याची उंची तिच्या खांद्याइतकी होती. कातळापाशी जाऊन तिने खांद्याच्या उंचीवर खडूने रेघ ओढली. कितीतरी नजरा आपल्या पाठीवर आहेत हे तिला कळत होतं. पण त्या नजरा वाईट नव्हत्या. दुसऱ्याच्या घरी आलेल्या लाजऱ्या पाहुण्यांसारख्या होत्या. तिने स्क्रू फिरवले. उजेडाची कड खाली आली, रेघेच्या चार बोटं खाली थांबली.

"झालं," ती म्हणाली. मागे कोणीतरी सुस्कारा सोडला.

वाटेत दोन ट्रक समोरून आले आणि मुकाट्याने निघून गेले. पुलापलीकडे कामगारांची जुनी चाळ होती, सगळ्या दारांना गंजलेली कुलपं. तिथे न सांगताच त्याने गाडी हळू केली. पहिल्या दाराशी मागचा भाग किंचित वर आला. दुसऱ्या दाराशी अजून थोडा. माणसं उतरत होती. एकेका दाराशी झोत खाली खाली येत गेला, आणि चाळ संपली तेव्हा उजेड चाकांपुढच्या हातभर रस्त्यावर येऊन पडला होता.

आता बैलगाडीच्या चालीने जाण्यावाचून इलाज नव्हता. गॅरेज जवळच होतं, पण जवळचं अंतरही लांबलं. ते दोघांनाही बरंच वाटत होतं.

"तुम्ही खोटं बोलत नव्हता," ती म्हणाली. "मी उगाच..."

"बोललो होतो. एकदा."

तिने वळून पाहिलं. तो समोर, त्या हातभर उजेडाकडे बघत होता.

"गेल्या गुरुवारी मी खाणीकडून आलोच नव्हतो. लांबच्या वाटेने आलो. कोणी डिपर मारला नाही, दिवे झकास होते. तरी तुमच्याकडे आलो... आणि तीच तक्रार सांगितली."

"का?"

"आदल्या दोन दिवसांत बघितलं नव्हतं ना... तुला."

तुला! तिने ओठ चावला. हसू तरीही सुटलंच. "मग काल विचारलं तेव्हा सांगायला काय झालं होतं, तोंडात मध धरला होतास?"

"भीती वाटली."

"भुतांना गाडीत घेतोस, आणि मला भितोस?"

"ती गुपचूप बसतात," तो म्हणाला, आणि तिने त्याच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली. हात मात्र तिथेच राहिला.

फाटकात उस्ताद काठी टेकून उभे होते. गाडी आत आली तसे त्यांनी दिव्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हे काय? उजेड चाकांत पडतोय. रिकाम्या गाडीला एवढे खाली लावतात होय?"

"येताना ती रिकामी नसते, बाबा," ती म्हणाली. गाडीतून उतरायची तिने घाई केली नाही. "खाणीपासून माणसं असतात तिच्यात. आणि उद्यापासून मीही असणार आहे. रोज."

उस्ताद हौद्यापाशी गेले. तळावरच्या पांढऱ्या भुकटीवरून त्यांनी बोट फिरवलं आणि खाणीचा तो दगड ओळखला. मग त्यांनी मधवाल्याकडे मान वळवली.

"उतर खाली," ते म्हणाले. "जेवून जा."