यानातल्या येरझाऱ्या

काम तसं साधं होतं. माझ्या दिवंगत मित्राच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, त्याची जुनी वही माझ्या हातात ठेवली. "भाऊजी, यांचे आकडे खरंच चुकले होते का, एवढं तपासून सांगा. मला कळू दे."

तीस वर्षांपूर्वी आमचं एक मानवरहित यान डगमगत डगमगत हरवलं. त्यातल्या वजनांचं गणित मित्राचं, खाली सही माझी. चौकशीत मी म्हणालो, "वजनं त्याने केली, मी फक्त सही केली." त्याची नोकरी गेली.

हल्ली अवकाशातल्या उड्डाणाची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर मिळतं. त्यात मी ते यान पुन्हा बांधलं. टाक्या, अँटेना, एकेक स्क्रू. प्रत्येकाचं वजन, प्रत्येकाची नेमकी जागा. बायको म्हणाली, "घरातल्या पंख्याचा स्क्रू दोन महिने ढिला आहे, आणि हे आकाशातले मोजतायत!"

आज दुपारी पडदे ओढून यान सोडलं. ते सरळ गेलं. मित्राचं काही चुकलं नव्हतं.

मग खरं यान डगमगलं कशाने? त्या उड्डाणाची नोंद वहीत चिकटवलेली होती. जुन्या डिंकाचा आंबूस वास येत होता तिला. टाकीतलं इंधन हिंदकळवून पाहिलं, जुळेना. शेवटी यानात एक काल्पनिक वजन ठेवलं आणि नोंदीशी जुळायला ते किती असावं, कसं हलावं, हे कॉम्प्युटरलाच शोधू दिलं.

बराच वेळ नुसती घरघर. मग उत्तर आलं.

चोपन्न किलो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाच हिसके, थांबणं, वळणं, पुन्हा पाच. एक हिसका जड, एक किंचित हलका...

तीनदा तपासलं. या वयात स्वतःच्या डोक्यावर कितपत विसंबावं, मला कळत नाही. वहिनींना फोन लावला.

"वहिनी, त्याचं वजन... किती होतं हो तेव्हा?"

"यांचं? ऐंशीच्या वर! काटकुळे तर तुम्ही होतात, भाऊजी. यान वर असताना आठवडाभर बोळात येरझाऱ्या घालत होतात. हे तुम्हाला लंबकराव म्हणायचे, आठवतं?"

आठवत होतं. माझा डावा पाय लहानपणापासून अधू आहे.

"ते जाऊ दे. आकडे बरोबर होते ना यांचे?"

"बरोबर होते, वहिनी. पण चौकशीत मी..."

"तुम्ही काय, भाऊजी?"

फोन ठेवून दिला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको वैतागून ओरडली, "अहो, किती फेऱ्या घालाल? कधीची ऐकतेय मी. बसा की एका जागी!"

मी जेवण झाल्यापासून खुर्चीतून उठलोच नव्हतो.

दोन्ही पाय हळूच वर घेतले. श्वास रोखला.

तीन... चार... पाच.

मग माझ्या पाठीमागे काहीतरी वळलं, आणि डावं पाऊल, जरा हलकं, पुन्हा पडलं.