चार प्लग, एक ओहम

"चारही प्लग चांगले आहेत," चिमटा म्हणाला.

"मग जीप सुरू का होत नाही?" ऋजुताने विचारलं.

चिमटा हा आमचा यंत्रमानव. त्याच्या हातांकडे बघून माझ्या नातीने, ऋजुताने, हे नाव ठेवलं. जीप माझ्या बायकोची, कुंदाची. ती परिचारिका होती. या जीपमधून तिने मेळघाटातल्या गावागावांत लशी नेल्या. ती गेल्याला चौदा महिने झाले.

साल २०५८. डिझेलच्या गाड्या केव्हाच बंद झाल्या. जुन्या वाहनांच्या संग्रहालयातून वानखडेबाई सकाळीच चिखलदऱ्याला आल्या होत्या. त्यांच्याकडे जीप रस्त्यावर न्यायचा आजच्यापुरता परवाना होता.

"आजोबा, आम्ही चालत्या गाड्याच घेतो. अकरापर्यंत सुरू झाली नाही, तर ती वितळवायला जाईल. माझ्या हातात नाही हो."

दहा वाजले होते. थंडी कडक होती.

"आबा, प्लग काय करतो?" ऋजुताने विचारलं.

"डिझेल ठिणगीने पेटत नाही. इंजिनात हवा दाबली की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. थंडीत हवा पुरेशी तापत नाही. म्हणून आत ग्लो प्लग (विजेने लाल होणारी कांडी) असतो. चार सिलिंडर, चार प्लग."

"आणि चांगला आहे हे कसं कळतं?"

"त्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) मोजायचा. या जीपच्या चांगल्या प्लगचा रोध साधारण एक ओहम. आतली तार तुटली, तर विजेला वाटच नाही. मीटर आकडा दाखवत नाही."

"चारही ठिकाणी एक ओहम," चिमटा म्हणाला. "अगदी सारखा."

अगदी सारखा? मी वाकून पाहिलं. चारही प्लगना जोडणारी पितळी पट्टी तशीच होती.

"ऋजुता, शाळेला एकच दार असलं तर सुटल्यावर गर्दी होते. चार दारं उघडली तर?"

"पटकन बाहेर पडू."

"म्हणजे अडथळा कमी. पट्टीमुळे चारही प्लग एकदम मोजले जातात. चारही चांगले असते, तर आकडा किती आला असता?"

तिने बोटांवर हिशेब केला. "पाव ओहम! पण एक आलाय... म्हणजे एकच दार उघडं आहे. तीन प्लग गेलेत!" ती वळली. "चिमट्या, पट्टी दिसली नाही का रे?"

"दिसली. काढ असं कोणी म्हणालं नाही."

वानखडेबाई हसल्या, मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

चिमट्याने पट्टी काढली. ऋजुताने एकेक प्लग मोजला. तिसराच तेवढा जिवंत होता.

कुंदाच्या सीटखाली डब्यात जुने सुटे प्लग असायचे. सहा निघाले, तिने एकेक कागदात गुंडाळलेले. पहिला गेलेला. दुसरा एक ओहम. तिसरा गेलेला. चौथा चांगला. पाचवा गेलेला. शेवटचा ऋजुताने श्वास रोखून मोजला.

"एक!"

अकराला सात मिनिटं होती. चिमट्याने प्लग बसवले, पट्टी परत लावली. मी किल्ली अर्धी फिरवली, पिवळा दिवा विझेपर्यंत थांबलो, मग पूर्ण फिरवली. जीप खोकली, थरथरली आणि धडधडू लागली. हा आवाज मी सकाळी अंथरुणात पडून ऐकत असे.

"चिमट्या, लिहून ठेव," ऋजुता ओरडली. "आधी पट्टी काढायची! आणि सगळ्या यंत्रमानवांना कळव!"

"कळवलं."

"चालवणार कोण?" वानखडेबाईंनी विचारलं. "आमच्याकडे कुणाला येत नाही."

इतकी वर्षं मी कुंदाच्या शेजारच्या सीटवरच बसलो होतो. शिकलो होतो, पण तीच चालवायची. मी उजवीकडेच, तिच्या चालवायच्या सीटवर, बसून राहिलो. ऋजुता चढून शेजारी बसली.

"आबा, मला शिकवाल?"

"आधी रस्त्याकडे बघ," मी म्हणालो आणि पहिला गिअर टाकला.